अर्धा खजूर

२००८ सालच्या त्या रविवारी बाबूभाईंचं ऑपरेशन साडेनऊला होतं. त्यांना खोलीत हिरवा गाऊन घालून तयार ठेवलं होतं, आणि बाहेरच्या बाकावर त्यांची बायको कनीज लेकीला विचारत होती, "पोट उपाशीच काऊन लागते?"

निशात बी.एस्सी.ला होती. "अम्मी, भूल दिली की गिळाचं भान राहत नाई. पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं, तर माणूस टेबलावरच जाऊ शकते."

कनीजच्या बोटांतले तसबीचे मणी थांबले.

सकाळी सहाला तिने नवऱ्याच्या तोंडात अर्धा खजूर ठेवला होता, वर दोन घोट जमजम. बहिणीने हजहून आणलेलं. रात्रीपासून काही खायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. पण तबर्रुक, हजचा प्रसाद, खाण्यात कोण धरतं?

सांगावं, तर ऑपरेशन रद्द होईल. नागपूरचे सर्जन महिन्यातून एकदाच दुर्बीण घेऊन चंद्रपूरला येत. कॅन्सरची गाठ अजून लहान होती, जठराच्या मधोमध. चार-पाच भोकांतून तेवढाच भाग काढायचा आणि खालच्या तोंडाची झडप राखायची, म्हणजे माणूस पुढेही नीट जेवू शकतो, असं त्यांनी चित्र काढून समजावलं होतं. महिनाभरात गाठ पसरली, तर झडपही जाणार. बाबूभाई बल्लारपुरात लग्नांचे बावर्ची. चाखल्याशिवाय त्यांची एक देग उतरत नसे.

कनीज उठून सिस्टरच्या टेबलापाशी गेली. "बाई, मी त्याहिले खजूर चारला. सहाले. अर्धाच, तबर्रुक होता."

रीना सिस्टर चामोर्शीची. तिने पेन खाली ठेवलं. "पोटाले का मालूम, तबर्रुक होय का नाश्ता?" आणि ती आत गेली.

खोलीतून बाबूभाई म्हणाले, "तुह्या पोटात काई राहत नाई. ऑपरेशन तुहंच कराले पाहिजे."

भुलीच्या डॉक्टरांनी बारापर्यंत हात लावायला नकार दिला. सर्जनने दुसरे दोन पेशंट आधी घेतले. "मला पाचला निघायचंय," ते कनीजला म्हणाले. "साडेबारापर्यंत सुरू झालं नाही, तर आज करणार नाही. घाईत झडप वाचत नाही."

दुसरा पेशंट पित्ताशयाचा होता. बारा वाजले, सव्वाबारा झाले, तरी दार बंदच. निशातने घड्याळाकडे बघणं सोडून दिलं. कनीजने सोडलं नाही. बारा पंचवीसला स्ट्रेचर बाहेर आलं, आणि लगेच बाबूभाईंना आत नेलं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना सर्जन बाहेर आले. त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ होता.

"झडप राखली. पण काढलेल्या भागाच्या कडा साफ आहेत का, ते रिपोर्ट आल्यावरच कळेल. दहा दिवस."

"म्हणजे कधी?" कनीजने निशातला विचारलं.

"या बुधवारी नाई, त्याच्या पुढच्या."

कनीज पुन्हा बाकावर बसली. बुधवार फार लांब होता.