कोंडवाड्याच्या वहीतलं लग्न

आयडेलाचा नुसता जळफळाट चालला होता. पणजोबा एझरा आणि पणजी टॅबिथा यांच्या लग्नाची नोंद शोधत तिने बावीस वर्षं केंटकीतल्या काउंटी कचेऱ्या पालथ्या घातल्या होत्या. "लग्न झालंच नसेल गं त्यांचं," असं म्हणून नातेवाईक तोंडावर हसायचे. आणि नोंद सापडली कोणाला? चुलत बहीण रॉक्सॅनाला, जिला हा नाद लागून जेमतेम वर्ष झालं होतं!

सापडली तीही नदीपलीकडच्या काउंटीत, भटक्या गुरांच्या वहीत. कोणाचं खेचर कुठे सापडलं, त्याच्या कानाला कसली खूण, असल्या कोंडवाड्याच्या नोंदी. १८७४ साली तिथल्या कारकुनाची लग्नांची वही भरली, नवी काही येईना, तेव्हा पठ्ठ्याने गुरांची वही उलटी धरली आणि मागून लग्नं लिहायला घेतली. टॅबिथा एझराबरोबर पळून नदीपलीकडे गेली ती नेमकी त्याच सुमारास.

"चूक असणार," आयडेला स्वतःशीच म्हणाली. कुटुंबाच्या मेळाव्याआधीच्या शुक्रवारी गाडी काढून ती मुद्दाम तिकडे गेली. चूक नव्हती. दोन्ही नावं ठळक, साक्षीदारासकट. तिने चरफडत वही मिटायला घेतली, तर पुठ्ठ्याच्या आत वही पाहणाऱ्यांच्या सह्यांचं कार्ड. शेवटची सही रॉक्सॅनाची. तिच्या वरची, २००९ सालची, आयडेलाची स्वतःची.

तिला आठवलं. खेचरांची चाळीस पानं वाचून ती कंटाळली होती. वही उलटवून बघायचं सुचलंच नव्हतं. रॉक्सॅनाने सही करताना हे पाहिलं असणारच, आणि आता ही बया रविवारी सगळ्यांसमोर सांगणार!

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये साठ माणसं जेवली. रॉक्सॅनाने नोंद वाचून दाखवली. टाळ्या थांबेनात. हार्लनकाकांनी मक्याच्या पावाचा तुकडा तोंडात कोंबला.

"काय गं आयडेला, बावीस वर्षं माश्या मारत होतीस का?"

हशा पिकला. आयडेला मान खाली घालून वाट बघत राहिली.

"तिला नका बोलू काका," रॉक्सॅना म्हणाली. "ती वही इतकी वर्षं तळघरात पडून होती. गेल्या वर्षी वर आणली. माझं नशीब, दुसरं काय! हा नाद मला लावला तो आयडेलानेच."

सगळे कौतुकाने रॉक्सॅनाकडे बघायला लागले. केवढं मोठं मन! आयडेलाची लाज राखली गेली होती, गप्प बसली असती तर भागलं असतं. पण नोंद हिची, टाळ्या हिच्या, आणि आता चांगुलपणाही हिचाच? ते काही तिला सोसवेना. ती ताडकन उभी राहिली.

"खोटं बोलतेय ही. वही वरच होती. २००९ साली माझ्या हातात होती, मी अर्धवट वाचून परत केली. माझी सही आहे तिथे, आणि हिने ती पाहिलीय."

रॉक्सॅनाचा चेहरा पडला.

"अगं, मी तुझ्यासाठीच..."

"माहीत आहे," आयडेला म्हणाली. "तेच तर सहन होत नाही मला."

ती खाली बसली. रॉक्सॅनाकडे आता कोणीच बघत नव्हतं.