बाद झालेली तपासणी

तपासणी करणाऱ्या ऋतिकाने हनुवटी टेकवायचा स्टँड थोडा वर सरकवला. अण्णांनी त्यावर हनुवटी ठेवली. समोर लॅपटॉप होता आणि त्याच्या खाली पट्टीसारखा लांबट कॅमेरा.

“काका, ठिपका जिकडे उजळेल तिकडे बघायचं नाही हं. बरोब्बर उलट बाजूला बघायचं. तुमचे डोळे कसे फिरतात, तेवढंच हा टिपतो.”

“कळलं,” अण्णा म्हणाले.

त्यांच्या डाव्या हाताला शुभदाताई बसल्या होत्या. डोंबिवलीतल्या त्यांच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठांच्या स्मरणशक्तीची मोफत तपासणी होती. मागच्या महिन्यात अण्णा भाजी घेऊन परतताना भलत्याच इमारतीत शिरले आणि अनोळखी दाराची बेल वाजवत उभे राहिले. म्हणून त्या नवऱ्याला इथे घेऊन आल्या होत्या.

थोड्या वेळाने ऋतिकाने तपासणी मधेच थांबवली.

“काकू, तुम्ही जरा बाहेर बसता का? काका स्क्रीन सोडून सारखे तुमच्याकडेच बघतायत.”

“माझ्याकडे?”

शुभदाताईंना आधी हसूच आलं. लग्न झाल्यापासून अण्णा पेपरातून मान वर न करता बोलत आले होते. भाजीत मीठ कमी आहे, हेसुद्धा ते पेपरालाच सांगायचे. शुभदाताईंनी केस रंगवणं सोडलं, तेही शेजारणीने दाखवल्यावर अण्णांच्या लक्षात आलं. शुभदाताईंनी कधी तक्रार केली नाही. फक्त कुठे जायला तयार झाल्या, की आरशापासून सरळ दाराकडे न जाता त्या एकदा त्यांच्या खुर्चीसमोरून जायच्या.

त्या बाहेर जाऊन बसल्या. दुसऱ्यांदा केलेली तपासणी नीट पार पडली. ऋतिकाने त्यांना आत बोलावलं आणि आवाज खाली आणला.

“काकू, हे निदान नाही. पण उलट बाजूला बघताना काका फार वेळा चुकतायत. न्यूरोलॉजिस्टना लवकर दाखवून घ्या.”

शुभदाताईंनी मान हलवली. अण्णा खिडकीशी उभे राहून खाली खेळणारी मुलं बघत होते.

“आणि ती पहिली तपासणी?” शुभदाताईंनी विचारलं.

“ती बाद. पुसून टाकते.”

“आधी मला दाखव.”

ऋतिकाने तिची नोंद लॅपटॉपवर उघडली. नजर जिथे जिथे गेली, तिथे लाल ठिपके उमटले होते. स्क्रीनचा मधला भाग जवळजवळ रिकामा होता. डाव्या कडेला मात्र ठिपके एकावर एक साचले होते.

“त्याच्या पलीकडचं कॅमेऱ्याला दिसत नाही,” ऋतिका म्हणाली. “काहीच उपयोग नाही हिचा.”

“असू दे. तेवढी पुसू नकोस.”

“अगं, झालं असेल तर निघू या,” खिडकीबाहेर बघतच अण्णा म्हणाले.

“निघू या,” शुभदाताई म्हणाल्या, आणि खुर्ची लॅपटॉपजवळ ओढून बसल्या.