बहिरूआबांच्या नावाची बॅटरी

विपुल त्याच्या बॅटऱ्यांच्या दुकानाच्या दारातच आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "पाच देणार नाही. सहा घ्या, नाहीतर दुसरीकडं बघा."

दादाभाऊंना ती थट्टा वाटली. ते आमच्या यात्रा कमिटीचे अध्यक्ष. गिऱ्हाइकाला माल नाकारणारा दुकानदार त्यांनी सगळ्या नारायणगावात पाहिला नव्हता.

"तुझे आजोबा पुखराजशेठ असते तर असं बोलले असते का रे?"

"ते असते तर तुम्हाला दारात उभंसुद्धा केलं नसतं, दादाभाऊ."

आम्ही चौघं गेलो होतो. दादाभाऊ, कुंडलिक, माझी सून तेजस्विनी आणि मी. आमच्या टेकडीवर आईचं देऊळ आहे. पायथ्यापासून वरपर्यंत सिमेंटचा चढ आहे आणि म्हाताऱ्या माणसांना वर न्यायला बॅटरीवर चालणारी उघडी गाडी आहे, गोल्फच्या मैदानावर फिरते तसली. एक रिसॉर्ट बंद पडलं, त्याच्या मालकानं ती देवीला दिली. तेजस्विनी ती चालवते. सीटखाली सहा बॅटऱ्या असतात. त्यातल्या पाच मेल्या होत्या. सहावी कुंडलिकनं मागच्या साली, त्याचे वडील वारले तेव्हा, पुण्याहून आणून बसवली होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'कै. बहिरूआबांच्या स्मरणार्थ'.

आमच्याकडं देवळातल्या पंख्यावर, बाकावर, पायरीवर देणाऱ्याचं नाव असतं. बॅटरी सीटखाली कुणाला दिसत नाही, तरी नाव लागतंच. पाच घरांनी पाच बॅटऱ्या कबूल केल्या होत्या. सहाव्या जागेवर आबा बसले होते.

"आबांची बॅटरी चांगली हाय," कुंडलिक म्हणाला. "मीटर लावून बघा. फुल दावती."

"उभ्या गाडीत दाखवणारच," विपुल म्हणाला. "काका, या सहा एका माळेत जोडलेल्या असतात. पाच नव्या आणि एक जुनी, तीही दुसऱ्या कंपनीची. चढाला वजन आलं की जुनी आधी बसते. बाकीच्या पाच तिला फरफटत नेतात. मग गाडी कुठं थांबेल ते मला सांगता येणार नाही. माझ्या दुकानाचा माल घालून माणसं पाडायची नाहीत मला."

कुंडलिक उठून बाहेर गेला. त्याच्या मागं कुणी गेलं नाही. टेकडीचा रस्ता त्याच्याच वावरातून काढलेला. आबांनी एका शब्दावर जागा सोडली होती. त्याला 'तुझ्या बापाची बॅटरी काढ' म्हणायचं कुणी?

दादाभाऊंनी मधला मार्ग काढला. विपुलकडून सहाच्या सहा घेतल्या, एका कंपनीच्या, एका तारखेच्या. गावात आल्यावर पाच बसवल्या आणि सहावी देवळाच्या कोठीत ठेवून कुलूप घातलं.

"यात्रा झाली की बघू," ते म्हणाले.

तेजस्विनी म्हणाली, "मग मी गाडी चालवणार नाय."

"नको चालवू. वरच्या आळीतला गोरख ट्रॅक्टर चालवतो, तो नेईल. ही तर खेळण्यातली."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी नजर वळवली; मला घरचं दिसत होतं. माझी बायको कुशाबाई तीन वर्षांपूर्वी गोठ्यात पडली, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती आईला पायथ्यावरूनच हात जोडते; मागच्या साली गाडीत बसण्याइतकीही ती सावरली नव्हती. यंदा तिनं नवं लुगडं काढून ठेवलं होतं. पहिल्या फेरीला पुढच्या सीटवर कुशाबाई, हे सगळ्या गावानं ठरवलं होतं.

रात्री मी तिला म्हणालो, "दुसऱ्या दिवशी जा. गर्दी कमी असती."

"का? गाडी खराब हाय व्हय?"

"खराब न्हाई."

"मग गप बसा. सूनबाईनं न्हाई नेलं तर गोरख नेईल. त्यानं न्हाई नेलं तर मी बसून बसून जाईन."

ती खरंच गेली असती.

यात्रेच्या आदल्या दिवशी दुपारी तेजस्विनीनं दादाभाऊंना गाठलं. "एकदा वजन घालून वर नेते. वर पोचली तर उद्या मीच चालवीन, एक शब्द बोलणार नाय. नाय पोचली तर आबांना उतरवायचं."

बटाट्याची पोती सीटवर चढवली, माणसाला एक. पुढचं पोतं तिनं स्वतः रचलं. कुंडलिक ते बघत होता. तो आला आणि मागच्या बाजूचं एक पोतं उतरवून तिथं स्वतः बसला.

"माझ्या बापाच्या भरवशावर मी बसतो," तो म्हणाला. "चल पोरी."

मी मागून चालत होतो. बैलगाडीच्या चाकामागं लावतात तसा धोंडा मी वाटेत उचलला होता. का उचलला ते मलाही तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

पहिला चढ गाडी भराभर चढली. कुंडलिकनं वळून माझ्याकडं पाहिलं, हसला नाही, पण मान वर केली. दुसऱ्या चढाला मोटरचा आवाज खाली आला. वळण दिसू लागलं. तिथं एका अंगाला कडा आहे आणि खाली ओढा. गाडी वळणात शिरली, हळू झाली, आणखी हळू झाली. आणि थांबली.

"आण्णा, बाजूला व्हा," तेजस्विनी मला म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक होता.

तिनं दोन्ही ब्रेक दाबले होते. तरी गाडी मागं सरकली. वळणावर वाळू साचली होती, चाकं गच्च होऊनही घसरत होती, ओढ्याच्या अंगाला. मी बाजूला झालो नाही. धोंडा चाकामागं सारला आणि हात काढला. चाक धोंड्यावर अर्धं चढलं. गाडी तिरकी झाली. मग तिथंच राहिली.

पुढच्या सीटवरचं पोतं मात्र राहिलं नाही. ते कलंडलं, फुटलं आणि बटाटे कड्यावरून खाली गेले. ओढ्याच्या दगडांवर त्यांचा आवाज किती तरी वेळ येत होता.

कुंडलिक उतरला. त्या रिकाम्या सीटजवळ जाऊन उभा राहिला. ती कुणाची जागा होती ते त्याला माहीत होतं. मग त्यानं सीट उचलली.

नासक्या अंड्यासारखा वास आला. पाच बॅटऱ्या जशाच्या तशा होत्या. आबांच्या बॅटरीच्या भिंती फुगल्या होत्या, नावातली अक्षरं ताणली होती. त्यानं तिच्यावर हात ठेवला आणि चटका बसून काढला.

मला वाटलं, आता भांडेल. विपुलला शिव्या देईल, नाहीतर तेजस्विनीला.

"हिला गार होऊ दे," तो म्हणाला. "मग मी काढतो. दुसऱ्या कुनी हात लावू नका."

त्यानंच ती काढली आणि पोत्यात गुंडाळून घरी नेली. विपुलला भंगारात दिली नाही. कोठीतली सहावी बॅटरी त्यानंच खांद्यावरून आणली. दादाभाऊ रंगाचा डबा घेऊन आले होते.

"आबांचं नाव हिच्यावर टाकू. पाचांच्या शेजारी सहावं."

"नको," कुंडलिक म्हणाला. "बिनानावाची ऱ्हाऊ द्या एक."

सकाळी कुशाबाई नवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसली. दोन्ही हातांनी दांडा धरला होता. मी गाडीमागं निघालो, तर कुंडलिक आधीच तिथं होता. कालचा धोंडा त्याच्या हातात होता.

"बॅटऱ्या एकसारख्या हायेत आता," मी म्हणालो. "हे कशाला?"

"असू द्या, भगवंतभाऊ."

पायथ्यावरून दादाभाऊंनी हाक मारली. "कुंडलिक, धोंड्यावर तरी आबांचं नाव टाकू का?"

"नका, राव. पुढल्या साली पाच घरं पाच धोंडे घिऊन येतील."

लोक हसले. गाडी निघाली. वळणाजवळ कुशाबाईनं काहीतरी विचारलं, तेजस्विनीनं मान हलवली, पण रस्त्यावरची नजर काढली नाही. आवाज खाली आला नाही. गाडी त्याच चालीनं वळण घेऊन वर गेली.

कुंडलिक वळणापाशी क्षणभर थांबला, ओढ्याकडं पाहिलं, आणि धोंडा दुसऱ्या हातात घेऊन गाडीमागं चालू लागला. त्या दिवशी तो प्रत्येक फेरीला तसाच चालत होता.