ज्या बुधवारी मी वाजले नाही

मी घंटा बोलतेय. देवघरातली, पितळेची, मुठीवर गरुड बसलेली. माझा मुक्काम अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला, एका स्वयंपाकघराच्या कपाटात. वरच्या खणात देव आणि मी, खालच्या खणात डाळी. वर्षभर मला कुणी वाजवलेलं नाही. बाहेर बर्फ वितळून नुसता चिखल झालाय आणि स्कीच्या शर्यतींचा मोसमही संपलाय. देवघरातल्या घंटेला शर्यतींच्या मोसमाशी काय करायचंय, असं तुम्ही विचाराल. तेच सांगायचंय.

माझं मूळ गाव नागपूर. इतवारीतल्या एका भांड्यांच्या दुकानात मी वर्षभर दोरीला टांगलेली होते. येणारा जाणारा मला वाजवून बघायचा आणि ताटवाट्या घेऊन चालता व्हायचा. २००१ साली प्रल्हादराव आले. त्यांनी दहा घंटा वाजवून पाहिल्या, मग मला कानाशी धरून डोळे मिटले आणि म्हणाले, "हीच द्या. हिचा आवाज लांब जातो." त्यांचा मुलगा संजय नोकरीसाठी बायकामुलीला घेऊन अमेरिकेला निघाला होता. त्याच्या बॅगेत, स्वेटरांच्या घडीत बसून मीही आले.

सुरुवातीची वर्षं अगदीच बेताची गेली. सकाळी कांचन, म्हणजे संजयची बायको, घाईघाईने पूजा उरकायची. तेवढ्यात मला दोनदा हलवलं की माझा दिवस संपला. जोरात वाजवलं तर वर छतावरचा धुराचा अलार्म उठेल अशी तिला उगाच भीती वाटायची. अलार्म उदबत्तीने वाजतो, घंटेने नाही, हे तिला कोण सांगणार! त्यांची मुलगी इशिता तेव्हा बारा वर्षांची होती. ती बसच्या घाईत देवाला एका हाताने नमस्कार करायची, दुसऱ्या हातात टोस्ट.

माझं नशीब उघडलं ते २००४च्या हिवाळ्यात. प्रल्हादराव सहा महिन्यांसाठी मुलाकडे आले. इशिता नुकतीच शाळेच्या स्की टीममध्ये गेली होती. डोंगरावरून घसरत येतात ते नव्हे, सपाट बर्फावर आणि चढावर पाय ओढत पळायचं ते स्कीइंग. एका शनिवारी कांचन सासऱ्यांना शर्यत बघायला घेऊन गेली. परत आले ते कानटोपीसकट थेट देवघराशी.

"कांचन, तिथे सगळे आईबाप गायीच्या गळ्यातल्या घंटा वाजवत होते गं! टिणटिण टिणटिण, पत्र्याचा आवाज. आपल्याकडे तर ही आहे."

"बाबा, देवाची घंटा अशी बाहेर न्यायची?"

"का? देवाला काय नातीची शर्यत आवडत नसेल होय?"

खरं सांगते, मला आधी रागच आला होता. मी आरतीची घंटा आणि मला गायीगुरांच्या पंक्तीला बसवणार! पण त्या पुढच्या शनिवारी, शेवटच्या उभ्या चढाशी प्रल्हादरावांनी मला हातमोज्यातून बाहेर काढलं आणि आरतीच्या ठेक्यात वाजवायला लागले. शून्याच्या खाली वीस अंश थंडी होती. माझा आवाज त्या कोरड्या हवेत असा काही गेला की आजूबाजूच्या गोऱ्या बायका वळून बघायला लागल्या. इशिता त्या दिवशी शेवटून दुसरी आली, पण चढ मात्र न थांबता चढली. घरी येऊन म्हणाली, "आजोबा, आय कुड हिअर यू. बाकी सगळा नॉइज होता, पण आपली बेल वेगळी कळते."

तेव्हापासून तो चढ आमचा झाला. प्रल्हादराव मार्चमध्ये परत गेले आणि त्यांची जागा कांचनने घेतली. जिने आयुष्यात क्रिकेटची मॅचसुद्धा धड बघितली नव्हती, ती बाई स्कीला कुठल्या दिवशी कुठलं मेण लावायचं यावर इतर आयांशी वाद घालू लागली. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात एकादशी आणि चतुर्थीच्या चौकटीत ती इशिताच्या वेळा लिहायची. दर रविवारी सकाळी नागपूरला फोन व्हायचा. प्रल्हादराव हालहवाल नंतर विचारायचे, आधी विचारायचे, "कितवी आली?" मग इशिता फोन घेऊन अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या मराठीत त्यांना सगळी शर्यत वळणावळणाने सांगायची. त्यांना निम्मं कळत नसणार, तरी ते "हं, मग?" म्हणत राहायचे.

तीन हिवाळे असे गेले. मला वाटायचं, घंटेच्या जन्माला येऊन आणखी काय हवं?

२००७चा फेब्रुवारी. इशिताचं शाळेचं शेवटचं वर्ष, आणि बुधवारी मोसमातली सर्वांत मोठी शर्यत. तीत पहिल्या काहींत आली तर ती राज्याच्या शर्यतीला जाणार होती. त्याआधीच्या शनिवारी सकाळी, इशिता सरावाला गेलेली असताना, नागपूरहून फोन आला. प्रल्हादराव गेले. खोकला होता आठवडाभर, कुणाला वाटलं नव्हतं.

संजय खुर्चीत बसून राहिला. त्याने दुपारचं विमान धरायचं ठरवलं.

"इशूला काय सांगायचं?" त्याने विचारलं.

"बुधवारपर्यंत काही नको," कांचन म्हणाली. "इतकी वर्षं राबलीय ती. आता सांगितलं तर पळेल का? तू ऑफिसच्या कामाला टेक्सासला गेलास म्हणून सांगते."

"बघ बुवा. तू म्हणशील तसं."

कांचनने देवघराचं दार लावून घेतलं. सुतक लागलं होतं. दहा दिवस पूजा नाही, दिवा नाही, घंटा नाही. ते मलाही ठाऊक आहे, त्यात माझी काही तक्रार नाही. रविवारी इशिताने विचारलं, "आजोबांना कॉल नाही करायचा?" कांचन म्हणाली, "लाइनच लागत नाहीये गं." मी दाराआडून ऐकलं. कांचनला खोटं बोलायची सवय नव्हती, आवाज जरा जास्तच मोठा लागला तिचा.

बुधवारी शर्यतीला निघताना हाताच्या सवयीने तिने मला उचलून पर्समध्ये टाकलं. गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं. मला बाहेर काढून बघितलं, परत आत ठेवलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून थोडा वेळ बसली.

चढाशी नेहमीची गर्दी होती. गायीच्या घंटा टिणटिणत होत्या. पोरी एकेक करत वर येऊ लागल्या. इशिता वळणावर दिसली, आणि चांगली पुढे होती, बरं का! तेवढ्यात कांचनचा हात पर्समध्ये आला. तिने मला मुठीत धरलं. मला वाटलं, वाजवणार. पण तिने दोन बोटांनी माझी जीभ पकडली, घट्ट, म्हणजे चुकूनसुद्धा वाजायला नको. मला एवढंच कळत होतं की पोरगी चढ चढतेय आणि माझा आवाज माझ्या पोटात कोंडलाय.

इशिताने मान वर केली. आई दिसली, आईचा पर्समध्ये घातलेला हात दिसला, आईचा चेहरा दिसला. तिचे पाय मंदावले. रविवारी न लागलेला फोनही तिला आठवला असणार.

"आई, बेल?"

"पळ तू! सगळं ठीक आहे!"

"आजोबांना काय झालं?"

"काही नाही झालं! सगळं ठीक आहे, इशू, पळ!"

तेवढ्या बोलण्यात तीन मुली तिच्या शेजारून वर निघून गेल्या. मग तीही गेली, पण ते पळणं नव्हतं. राज्याची शर्यत सात सेकंदांनी हुकली.

गाडीत बसल्यावर इशिताने टोपी काढली. केसांवर बर्फाचे कण होते.

"आजोबा गेले ना?"

कांचनने मान हलवली.

"कधी?"

"शनिवारी."

"सॅटर्डे? म्हणजे डॅड टेक्सासला नाहीयेत?" ती रडली नाही, तेच भयंकर होतं. "मी गेले असते आई. मी डॅडबरोबर गेले असते. आय डोंट केअर अबाउट द रेस."

"सुतक होतं बाळा, म्हणून घंटा..."

"सुतकात लाय केलेलं चालतं? आणि बेल वाजवली तर चालत नाही?"

कांचनने गाडी सुरू केली.

अकराव्या दिवशी कांचनने दार उघडलं, देव धुतले, आणि मला वाजवलं. वरच्या खोलीतून आवाज आला, "मॉम, प्लीज. स्टॉप." आईची मॉम झाली होती. कांचनने मला खाली ठेवलं, आणि तेव्हापासून उचललेलं नाही. पूजा होते, मुक्याने होते.

इशिता आता दुसऱ्या राज्यात कॉलेजात आहे. स्की सोडून दिलं. तिच्या जुन्या स्की कांचनने शाळेतल्या कुठल्याशा मुलीला देऊन टाकल्या. या मोसमाच्या शेवटच्या शर्यतीला मात्र कांचन एकटी जाऊन आली, मला न घेता. आल्यावर संजयला सांगत होती, "एका बाईने विचारलं, तू कुणाची आई? काय सांगू, सुचेना. म्हटलं, मी नुसतीच बघायला आलेय." संजयने तिच्यापुढे चहा ठेवला. चहा तसाच गार झाला.

फोन अजून दर रविवारी होतो, आता इशिताचा. जेवलीस का, थंडी आहे का, अभ्यास झाला का, आणि मग इशिता विचारते, "आजी कशी आहे?" प्रल्हादरावांच्या मागे आजी नागपूरला असते, तब्येतीने धडधाकट आहे. कांचन म्हणते, "सगळं ठीक आहे गं." मग इशिता म्हणते, "फोन डॅडना दे." संजय फोन घेऊन सांगतो, "हो, खरंच ठीक आहे. सकाळीच बोललो मी तिच्याशी." ती कॉलेजात गेल्यापासून हे असंच चाललंय. आईच्या तोंडचं ते एक वाक्य त्या पोरीसाठी कायमचं नासलंय.

माझं वय होत चाललं, पितळ काळवंडलं. मला कुणी घासावं, वाजवावं असं आता मागणं नाही. वाचणाऱ्यांनो, सुतकात मला गप्प ठेवा, तो तुमचा रिवाज आहे आणि मला मान्य आहे. पण तुमच्या घरातलं माणूस गेलं तर ते घरातल्या माणसाला सांगा. कितीही मोठी शर्यत असली तरी सांगा. माझी जीभ धरून ठेवता येते, आणि सोडली की मी परत पहिल्यासारखी वाजते. तुमचं तसं होत नाही, हे मी या कपाटातून रोज बघते.

काल रविवार होता. फोन वाजला, कांचनने उचलला. जेवणाचं विचारलं नाही, थंडीचं विचारलं नाही. पलीकडून इशिताचं "हाय" ऐकल्याबरोबर ती म्हणाली, "थांब हं, डॅडना देते."