बेबीबाईंनी निवडलेला तारा

मित्रांनो, मी एक जुना तांबडा तारा आहे. जुना म्हणजे तुमच्या आजोबांच्या सायकलीसारखा नव्हे. तुमच्या सूर्यापेक्षाही मी वयाने थोरला आहे. मिथुन राशीतली जुळी भावंडे तुम्ही पाहिली असतील. त्यांच्या पायांजवळ माझे घर आहे. नुसत्या डोळ्यांनी मला शोधू नका, उगाच मान दुखेल. मला पाहायला दुर्बीण लागते, आणि दुर्बीण असली तरी मी दिसेनच असा शब्द मी कुणाला देत नाही. माझ्या या न दिसण्यामुळेच एका बाईंच्या जिवाला घोर लागला होता. ती हकिकत मला सांगायची आहे. पण त्याआधी मी असा लहरी का, हे तुम्हाला समजले पाहिजे.

माझा जन्म वायू आणि धूळ यांच्या एका गार ढगात झाला. तरुणपणी मी तुमच्या सूर्यासारखाच होतो. पोटातल्या हायड्रोजनचे हेलियम करत, न चुकता सारखाच उजेड देत होतो. कुणाला माझ्याबद्दल तक्रार नव्हती. मग गाभ्यातला हायड्रोजन संपला. गाभा आक्रसून अधिकच तापला आणि माझे बाहेरचे अंग फुगत गेले. आता मला सूर्याच्या जागी आणून बसवले, तर बुध, शुक्र आणि तुमची पृथ्वी माझ्या पोटात जातील. पण एवढ्या आकारावरून मला बलदंड समजू नका. माझे वजन सूर्याइतकेच, तेही आता घटत चाललेले. माझा बाहेरचा थर तुमच्या हवेपेक्षाही पुष्कळ विरळ आहे.

फुगल्यामुळे माझा पृष्ठभाग थंडावला. लोहाराच्या भट्टीतले लोखंड पाहा. खूप तापले की ते पांढरट पिवळे दिसते आणि निवू लागले की तांबडे. ताऱ्यांचेही तसेच असते. माझा तांबडा रंग हा रागाचा नसून थंडाव्याचा आहे. अर्थात माझा थंडावासुद्धा तुमच्या भट्टीहून जास्तच तापलेला असतो.

आता लहरीपणाबद्दल. तुमच्या शाळेत भाताचा मोठा गंज चुलीवर चढतो, त्यावरचे झाकण पाहिले आहे का? आत वाफ कोंडते, झाकण वर उचलले जाते, वाफ निसटते, झाकण खाली बसते. पुन्हा वाफ कोंडते. माझ्या अंगातही उष्णता अशीच कोंडते आणि निसटते, आणि मी सावकाश फुगतो, सावकाश आकसतो. अशा एका फेरीला वर्षाहून थोडा कमी काळ लागतो. फुगून थंडावलो की माझ्या वातावरणात टायटॅनियमची संयुगे तयार होतात. तुमच्या भिंतींच्या पांढऱ्या रंगात असतो, तोच हा धातू. ही संयुगे माझा दिसणारा उजेड अडवतात. माझी एकूण ऊब तेवढी कमी होत नाही, पण तिचा मोठा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांतून जातो. म्हणून तुमच्या डोळ्यांना मी शंभरपट मंद झालेला वाटतो. मी विझलेला नसतो. फक्त दिसत नसतो.

ही गोष्ट माणसांना कळायला फार काळ लागला. माझ्यावर कुणी कथा रचली नाही. लग्नात नवरा-नवरीला बोट करून कुणी मला दाखवले नाही. पुढे एका दूरच्या वेधशाळेत जुनी छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहताना कुणाला तरी दिसले, की हा ठिपका कधी आहे आणि कधी नाही. तेव्हा माझी चलताऱ्यांत गणती झाली. चलतारा म्हणजे ज्याचे तेज कमीजास्त होते असा तारा. मला दोन अक्षरांचे एक नाव मिळाले. एवढेच माझे बारसे.

भंडारा जिल्ह्यात आंबागडच्या डोंगराच्या बाजूला, जंगलाच्या कडेला एक निवासी शाळा आहे. तिथले जीवन मेश्राम सर अंधाऱ्या पंधरवड्यात रात्रीच्या जेवणाच्या आधी मैदानात दुर्बीण लावतात. तुम्ही विचाराल, इतक्या लांबून तुला तिथले काय दिसणार? माझा उजेड तिथे पोचायला शेकडो वर्षे लागतात; आज पोचलेला उजेड माझ्यापासून निघाला, तेव्हा आंबागडचा किल्लासुद्धा बांधलेला नव्हता. खरे आहे. पण गोष्ट सांगणाऱ्याला एवढी मुभा द्या.

त्या शाळेत बेबीबाई मुलांचा आहार शिजवतात. शकुनबाई त्यांच्या जोडीला. बेबीबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. दिवाळीनंतर तुमसरच्या शिबिरात उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. डाव्याचे पुढच्या शिबिरात करायचे ठरले. थंडीच्या दिवसांत एका संध्याकाळी मुलांनी त्यांना हाताला धरून दुर्बिणीपाशी नेले. तेव्हा मी माझ्या भरात होतो. बेबीबाईंनी उजवा डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"मायबाई, डाळिंबाचा दाणाच आहे हा," त्या म्हणाल्या.

"मावशी, सरका ना, आमचा नंबर आहे," मागून पोरे म्हणाली.

त्या घरी गेल्या त्या ठरवूनच. त्यांची सासू सप्तर्षींच्या शेपटीत जोडीने असलेल्या दोन ताऱ्यांपैकी बारका तारा दाखवून सुनांची नजर तपासायची. ज्या सुनेला तो दिसला तिचे डोळे चांगले. त्या भागातली ही जुनी रीत. बेबीबाईंनी आपल्या नव्या डोळ्यासाठी आपला असा एक तारा धरला. तो मी. तो तांबडा दिसत राहिला, म्हणजे डोळा चांगला राहिला. मित्रांनो, आकाशात भरवशाचे एवढे तारे असताना त्यांनी नेमका मला कसोटीवर उभे केले. मला ओरडून सांगता आले असते, तर मी सांगितले असते.

माझे तेज बदलते, हे सरांनी मुलांना वर्गात फळ्यावर काढून दाखवले होते. पण त्या वेळी बेबीबाई स्वयंपाकाच्या शेडमध्ये तांदूळ निवडत होत्या.

फेब्रुवारीत मी उतरू लागलो. बेबीबाईंना वाटले, मोहफुलांचे दिवस जवळ आले, लोक झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात, त्याचाच धूर असेल. पण धुराने मी झाकलो असतो, तर माझ्या शेजारचे दोन पांढरे तारेही झाकले गेले असते. ते तर लख्ख होते. मग त्यांनी दुसराच अर्थ काढला. पांढरे दिसते, लाल दिसत नाही. म्हणजे डोळ्यातून लाल रंगच गेला.

एकदा भीतीने घर केले की सगळीकडे तिचाच पुरावा दिसतो. एका सकाळी त्यांनी तिखटाचा डबा उजेडात धरला.

"शकुन, हे तिखट फिक्कं वाटून राहिलं का वो?"

"मागच्या सालचं आहे, बाई. त्याले काय नवरीसारखं लाल व्हावं लागते?"

"मले लयच फिक्कं दिसते."

"मंग डबल टाक. पोट्टे पाणी पीत पीत जेवतील."

शकुनबाई हसल्या. बेबीबाई हसल्या नाहीत. तांदळातले खडे त्या आता दोनदा निवडू लागल्या. मुलाच्या दाताखाली खडा आला, तर आपल्याला या कामावरून उठावे लागेल, हा धसका होता. आणि मैदानात रांगेत उभे राहिल्यावर दुर्बिणीला डोळा लावून म्हणायच्या, "दिसला." कारण पुढची सगळी मुले म्हणायची, "दिसला सर, दिसला."

एप्रिलमध्ये मी इतका मंद झालो, की त्या दुर्बिणीच्या आवाक्यातच राहिलो नाही. शेजारच्या पांढऱ्या ताऱ्यांवरून सर दुर्बीण माझ्या जागेवर आणत आणि रांगेला वाट देत. स्वतः फार वेळ पाहत नसत. मुलांच्या "दिसला"वर त्यांचा विश्वास होता.

अशाच एका संध्याकाळी रांग पुढे सरकत असताना सर म्हणाले, "बेबीबाई, सोमवारी सकाळी शिबिराची जीप येऊन राहिली. डाव्या डोळ्यासाठी तुमचं नाव दिलं मी."

"माझं नाव काढून टाका, गुरुजी."

"काहून?"

"मी नाही येत."

शकुनबाई बाजूला ताटे पुसत होत्या. "भेते थे," त्या म्हणाल्या. "मागच्या टाइमले तर मोठ्या ऐटीत गेली होती, काळा चष्मा लावून आली. बाप्पा, सिनेमातली बाई म्हणत होते पोट्टे."

"भेत नाही मी," बेबीबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली गेला. "पहिलाच डोळा वाया गेला माझा. दुसराही कायले घालवू? अर्धा अर्धा तरी राहू द्या."

सर त्यांच्याजवळ आले. "वाया गेला असं कोण म्हणते?"

बेबीबाईंनी दुर्बिणीकडे हात केला. रांगेतली मुले ऐकत होती. त्यांच्यात त्यांची नात टीनाही होती. एवढ्या जणांसमोर बोलणे त्यांना जड गेले, पण त्या बोलल्या.

"थो लाल तारा मले नाही दिसून राहिला, गुरुजी. लय दिवस झाले. मी खोटंच म्हणत होती दिसते म्हणून. सगळ्या लेकराइले दिसते, मलेच दिसत नाही."

सरांनी चष्मा वर सारला आणि डोळा लावला. एकदा पाहिले, चाक थोडे फिरवले, पुन्हा पाहिले.

"मलेही दिसत नाही," ते म्हणाले.

मग ते रांगेकडे वळले. "काय गा मनिष, तू तर आत्ता म्हटलं दिसला. कोणता दिसला?"

मनिष पायाने माती उकरू लागला. "सर, समोरच्यानं म्हटलं, म्हणून मीनं म्हटलं."

"अना तू, टीना?"

"मले वाटलं, मलेच दिसत नाही," टीना म्हणाली, आणि आजीकडे पाहू लागली.

एकेक करून सगळी रांग कबूल झाली. मला कुणीच पाहिले नव्हते. अख्ख्या मैदानात ज्या एकट्याच बाईंना आपण आंधळ्या होतोय असे वाटत होते, त्यांच्याइतकेच बाकी सगळ्यांना दिसत होते.

सरांनी बेबीबाईंना पुन्हा दुर्बिणीपाशी बसवले. "बाकीचं काय काय दिसते ते सांगा."

"दोन पांढरे. अना त्याइच्या मधात एक बारीक, कणीएवढा."

सरांनी स्वतः पाहून खात्री केली. तो बारीक तारा खरोखरच तिथे होता, आणि तो त्या दुर्बिणीला दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्यांपैकी होता. "हा दिसते म्हणजे तुमचा डोळा पक्का आहे," ते म्हणाले. "थो लाल आपल्या हिशेबानं मंद झाला. तुमच्या गंजावरचं झाकण कसं वरखाली होते, तसं त्याचं अंग होते. काही महिन्यांनी पुन्हा उजळेल. चूक माझी आहे. पोराइले सांगितलं, तुम्हाले सांगायचं राहिलं."

पदराने बेबीबाईंनी तोंड पुसले. "म्हणजे माझा डोळा नाही गेला?"

"नाही."

"अना तिखट?"

"तिखट जुनंच आहे," शकुनबाई म्हणाल्या. "तब्येत ताऱ्याची बिघडली, अना उपास हिनं काढले."

आता मात्र बेबीबाई हसल्या. खूप दिवस अंगावर वागवलेले ओझे खाली ठेवल्यावर माणूस जसा हसतो, तसे ते हसणे होते. टीना त्यांच्या मांडीशी येऊन बसली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सरांना म्हणाल्या, "माझं नाव राहू द्या, गुरुजी. सोमवारी किती वाजता उभं राहू?"

सोमवारी त्या जीपमध्ये बसल्या. डाव्या डोळ्याचे ऑपरेशनही चांगले झाले. पुढे मिथुन रास सूर्याच्या उजेडात बुडाली आणि मीही तुमच्या आकाशातून काही काळासाठी गेलो. पण माझ्या मनावरचे ओझे त्या सोमवारीच उतरले होते. मी काहीही न करता एका बाईंना घाबरवले होते, आणि काहीही न करता त्यातून सुटलो.

मित्रांनो, माझे पुढे काय होणार, तेही सांगून ठेवतो. श्वासागणिक माझे अंग थोडेथोडे उडून चालले आहे. एक दिवस हा सगळा तांबडा डोलारा विरून जाईल आणि पृथ्वीएवढा एक पांढरा, तापलेला गाभा तेवढा मागे उरेल. उडून गेलेल्या धुळीतून कदाचित दुसरे तारे होतील. मला त्याचे दुःख नाही. तोवर मात्र मला पाहणाऱ्यांनी खरे पाहावे एवढी माझी इच्छा आहे. आम्हा चलताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना "आज दिसला नाही" हे वाक्यही तितकेच मोलाचे असते. मी किती खाली उतरलो, हे त्यावरूनच कळते. रांगेतल्या भिडेने म्हटलेल्या शंभर "दिसला"मधून त्यांना काहीच कळत नाही.

म्हणून मैदानातले दिवे मालवा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या आणि निवांत पाहा. जे दिसते ते सांगा. दिसत नसेल, तर तेही तितक्याच मोकळेपणाने सांगा. तुमच्या शेजारी उभे असलेले माणूस कदाचित तेच ऐकायला थांबलेले असेल.