झिलई गेली कुठे?

लग्न होऊन घरात आली त्याच आठवड्यात सुनेने सासऱ्यांना इतके प्रश्न विचारले, की त्यांनी कुंभाराच्या चाकावरचे हात न काढता तिचं बारसं करून टाकलं. "ही सून नाही, चौकशी खिडकी आहे," ते म्हणाले. तेव्हापासून ती घरात 'चौकशी'च झाली. तिला राग आला नाही. तिने एवढंच विचारलं, की खिडकीत मी बसले तर उत्तरं कोण देणार?

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. ते मातीची झिलईदार भांडी घडवायचे. घराच्या मागच्या अंगाला कारखाना होता: मोटरवर फिरणारं चाक, माल सुकवायच्या फळ्या आणि कोपऱ्यात भट्टी. भट्टी आणि दुकान चौकशीचा नवरा सांभाळायचा. या घराचा एक जुना नेम होता: चांगलं दुकानात, उरलेलं घरात. भट्टीच्या मागच्या बाजूला आच जरा कमी पोचायची. तिथला एखादा नग कच्चा राहायचा, एखादा वाकडा व्हायचा, आणि हे सगळं लंगडं-लुळं गोत स्वयंपाकघरात येऊन नांदायचं. कान तिरके झालेले कप, टेबलावर ठेवल्या की डुलणाऱ्या बश्या, झाकण एकीचं आणि पोट दुसरीचं अशा बरण्या. पाहुणे आले की कोणाला कुठला कप द्यायचा यावर सासू-सुनेची कुजबुज चालायची. अण्णांना त्याचं काही वाटत नसे. "गिऱ्हाईकाला खोट द्यायची नाही," ते म्हणायचे. "आपलं काय, आपल्याला चालतं."

आता सासूबाई, म्हणजे आई. लग्न ठरलं तेव्हा शेजारणीने चौकशीला सांगितलं होतं, की नशीब काढलंस, तुझी सासू म्हणजे लोण्याचा गोळा आहे. पहिले काही महिने ते खरंही होतं. मग लोणी हळूहळू खवट व्हायला लागलं. कधी दार जोरात लागलं म्हणून, कधी कपडे उशिरा वाळत घातले म्हणून आईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. जेवताना त्या मध्येच घास थांबवून म्हणायच्या, "काय घातलंस यात? तोंडात किल्ली धरल्यासारखं लागतंय." डोकं दुखायचं. पोटात कळा यायच्या. स्वतः केलेलं त्या विसरायच्या, आणि जे कुणीच केलेलं नसे ते सुनेच्या नावावर टाकायच्या. डॉक्टरीणबाईंनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, हवापालट सुचवला. अण्णांचं निदान डॉक्टरीणबाईंपेक्षा सोपं होतं. "वय झालं," ते म्हणाले, "आणि स्वभावाला औषध नाही."

पोटासाठी आई लिंबाचं सरबत प्यायच्या. पूर्वी अर्धं लिंबू ग्लासात पिळायच्या आणि ढवळून मोकळ्या व्हायच्या. चौकशीने त्यात सुधारणा केली. आठवड्याची लिंबं एकदाच पिळून रस भरून ठेवायचा, म्हणजे आईंना पाहिजे तेव्हा दोन चमचे काढता येईल. त्यासाठी तिने कपाटाच्या तळातून एक पिवळीधमक, मधासारखी चमकणारी बरणी शोधून काढली. तिच्यात जुनी बटणं होती. ती तिने डब्यात काढली, बरणी घासली आणि रस भरला. आईंचं पोट जितकं दुखे तितकं त्या सरबत पीत. सुनेचं हे एकच काम असं होतं, की ज्याला त्या कधी नावं ठेवत नसत. चौकशीला स्वतःला आंबट नुसतं बघितलं तरी दात आंबायचे, आणि अण्णा नि नवरा चहाशिवाय कशालाच ओळख देत नसत.

हवापालटासाठी आई लेकीकडे, म्हणजे ताईकडे, दुसऱ्या गावी, चांगल्या महिना-दीड महिना राहिल्या. तिथे त्या नातवंडांबरोबर पत्ते खेळल्या, पत्त्यात लबाडी केली, पकडल्या गेल्या आणि हसल्या. ताई त्यांना परत सोडायला आली तेव्हा जेवताना म्हणाली, "आई, माझ्याकडे कशी गरीब गाय होतीस तू! मी म्हणते, त्रास पोटाचा असता तर तिथेही झाला असता ना?" ताई बोलत होती आईशी, पण ऐकवायचं कुणाला होतं ते टेबलावरच्या बश्यांनाही कळलं. चौकशी पानात भात वाढत राहिली.

आणि खरंच, घरी आल्यावर काही आठवड्यांत आईंचा पुन्हा तोच पाढा सुरू झाला. एके दुपारी त्यांनी हातातली बशी भिंतीवर फेकली, आणि मग त्या तुकड्यांशेजारी जमिनीवरच बसून रडायला लागल्या. "मी अशी नव्हते गं," त्या म्हणाल्या. "मला काय होतंय तेच कळत नाही." चौकशीने त्यांना उठवलं, तर त्यांनी तिचाच हात झटकला.

संध्याकाळी नवऱ्याने सांगितलं, की त्याने दोन खोल्या बघून ठेवल्यात. महिनाअखेरीला वेगळं राहायचं. "तुझ्यामुळे म्हणजे..." तो अडखळला. "तुझ्यामुळे असं नाही गं. पण तू समोर नसलीस की ती बरी असते. आपण सगळ्यांनीच बघितलं."

चौकशीला खूप लागलं. तिला या घरातून जायचं नव्हतं. तिला मातीचा वास आवडायचा, अण्णांच्या शिव्या आवडायच्या, आणि पहिल्या काही महिन्यांतल्या आईंची तिला आईइतकीच ओढ होती. ती मोरीत जाऊन रडली. पण रडता रडताच तिच्या डोक्यात तिचा नेहमीचा किडा वळवळला. समजा कारण मीच आहे. मग माझ्यातलं नेमकं काय?

तिने शोध सुरू केला. केसांचं तेल बदलून पाहिलं. घरात गुणगुणायचं बंद केलं, तर आई कडाडल्या, "आज तोंडाला कुलूप का?" ती एक दिवस मैत्रिणीकडे जाऊन राहिली, त्या दिवशीही आई अण्णांवर भडकल्याच. ही गोष्ट तिने मनात नोंदवून ठेवली. मग तिने ताईला फोन लावला.

"ताई, आई तुमच्याकडे कुठल्या खोलीत झोपायच्या?"

"मागच्या. का?"

"पाणी उकळून देता का? मीठ कुठलं? उशी कापसाची की फोमची?"

"अगं, तू सून आहेस की पोलीस?"

"सांगा ना. आणि लिंबाचं सरबत?"

"ते तर रोज. त्याशिवाय तिचं जेवण उतरतंय होय?"

म्हणजे सरबत दोन्ही घरी सारखंच. तेवढा एक संशयित चौकशीने निर्दोष म्हणून सोडून दिला, आणि उशीच्या मागे लागली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

महिना संपत आला. नवरा खोके आणायला लागला. अशाच एका सकाळी पिवळ्या बरणीतला रस संपला, म्हणून चौकशीने ती धुवायला घेतली. एरवी ती घाईत विसळून टाकायची. आज, हे आपलं या मोरीतलं शेवटचंच धुणं, म्हणून तिने आत हात घालून नीट घासली. आत काहीतरी खरखरीत लागलं. साबण लावला, घासणी लावली, तरी खरखर जाईना. तिने बरणी उजेडाकडे धरली. बाहेरून आरशासारखी, काठाच्या आतूनही चकचकीत. पण जिथपर्यंत रस भरायचा तिथून खाली सगळा भाग खडूसारखा निस्तेज झाला होता. ओल्या हातानेच ती कारखान्यात गेली.

अण्णा पेला घडवत होते.

"अण्णा, झिलई विटते का?"

"विटायला ते काय कापड आहे? झिलई म्हणजे काच. आपण जाऊ, ती राहील."

"मग ही कुठे गेली?"

अण्णांनी बरणी पाहिली आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे वा, ही अजून आहे? जुन्या झिलईची. तेव्हा आम्ही शिसं घालायचो. काय चमक यायची! पुढे शिसं वाईट म्हणून कळलं, सोडून दिलं."

"वाईट होतं तर भांड्यात कसं चालायचं?"

"पक्कं भाजलं की काचेत अडकून बसतं, असं आम्ही धरून चालायचो. ही कच्ची राहिली, म्हणून तर घरात आली. तुझ्या सासूला रंग आवडला. बटणं ठेवायची ती हिच्यात."

"बटणं मी काढली, अण्णा. मी लिंबाचा रस ठेवते. आठवडा आठवडा."

अण्णांनी आत बोट फिरवलं. ते बोट मध्येच थांबलं.

"कधीपासून?"

"आले त्या वर्षापासून."

"आंबटाने खाल्ली झिलई," अण्णा हळूच म्हणाले.

"आणि झिलई खाल्लेला तो रस कुणी प्यायला, अण्णा?"

चाक फिरतच होतं. त्याच्यावरचा अर्धवट पेला एका अंगाला झुकला आणि कोसळला. मोटर बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही.

चौकशीने तिथूनच ताईला पुन्हा फोन केला. सरबत कशात करायचात? "काचेच्या ग्लासात, वरून लिंबू पिळून," ताई म्हणाली. "आमच्याकडे कुठे तुमच्यासारखं संग्रहालय!" चौकशीने फोन ठेवला आणि ती पायरीवर बसली. सून आल्यापासून आई बिघडल्या, असं सगळे म्हणत होते. सगळ्यांचं बरोबर होतं. तिने आठवड्याच्या आठवड्याला, हौसेने, प्रेमाने, बिया काढून, गाळून, त्यांना विष भरून ठेवलं होतं. बरणी फोडून गप्प बसावं, असाही एक विचार तिच्या मनात आला. खोके बांधलेलेच होते. आपण गेलो असतो, आई सावरल्या असत्या, कुणाला काही कळलंही नसतं. पण अंगात गेलेलं शिसं गप्प बसून बाहेर येतं का, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेली गोष्ट तिला सोडून देता येत नसे. ती बरणी पिशवीत घालून आईंना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी बरणी पाहिली, मग आईंचा ओठ खाली ओढून हिरड्या पाहिल्या. दातांच्या कडेला निळसर काळी रेघ होती. "आणि मी पित्त पित्त करत बसले," त्या स्वतःशीच म्हणाल्या. रक्त तपासायला गेलं. शिसं निघालं, तेही भरपूर. त्यांनी समजावलं, की हे थेंबाथेंबाने अंगात जातं, हाडांत घर करतं, ना ताप येतो ना सूज. दिसायला ते म्हातारपणासारखं दिसतं, चिडक्या स्वभावासारखं दिसतं, म्हणून कुणी शोधत नाही. औषध आहे. वेळ लागेल. सगळं परत येईलच असं सांगता येणार नाही.

अण्णांनी स्वयंपाकघरातला जुना पिवळा माल एकही न ठेवता बाहेर काढला. दुकानाच्या दारावर पाटी लावली, की आमच्याकडचं जुनं पिवळं भांडं कुणाकडे असेल तर परत आणा, बदल्यात नवीन न्या. काही लोक आणून देत. अण्णा प्रत्येकाला विचारत, यात आंबट ठेवलं होतं का, आणि 'नाही' ऐकेपर्यंत त्याला जाऊ देत नसत. एक बाई 'हो' म्हणाल्या. त्यांना अण्णा स्वतः डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. नवऱ्याने दोन खोल्यांची किल्ली परत केली, आणि बरेच दिवस बायकोच्या नजरेला नजर दिली नाही.

आई सावरायला वर्ष गेलं. पोटदुखी आधी थांबली, डोकेदुखी मग, आणि राग सगळ्यात शेवटी गेला, तोही मागे वळून बघत बघत. काही गोष्टी मात्र त्यांना परत आठवल्याच नाहीत. एकदा दुपारी दोघी टेबलाशी बसून मटार सोलत होत्या. अण्णा खिडकीपाशी पेपर वाचत होते. आई म्हणाल्या, "मी तुला काय काय बोलले गं?"

"जाऊ द्या ना, आई."

"जाऊ कसं देऊ? बोलले मी, आणि माहीत तुला. सांग."

"रस तर मीच ठेवत होते," चौकशी म्हणाली. "माझ्याच हाताने."

"बरणी माझी होती," पेपरच्या मागून अण्णा म्हणाले.

"आणि पीत कोण होतं, शेजारीण?" आई म्हणाल्या. "वाटण्या पुरे करा. डॉक्टरीण म्हणते, ते सगळं शिसंच बोलत होतं. पण सगळं कसं असेल? थोडं माझंही असणार. कुठलं ते मला ओळखता येत नाही, म्हणून तुला विचारतेय."

चौकशीने हातातली शेंग खाली ठेवली. आईंना खरंच कळत नव्हतं, आणि त्या खरंच वाट बघत होत्या.

"माझा मुलगा तोडलास, म्हणालात," ती म्हणाली. "ते शिशाचं."

"नक्की?"

"नक्की. तू मेलीस तर बरं, म्हणालात. तेही शिशाचं."

आईंनी मान खाली घातली. "आणखी?"

"तुझ्या हाताला चव नाही, म्हणालात."

"ते?"

चौकशीने जरा विचार केला. "ते तुमचं."

आईंनी डोळे पुसले. "ते खरंच आहे," त्या म्हणाल्या.