मचाणाचे सैल पट्टे

डेलने मचाणावर बसून छातीवरचा सुरक्षा पट्टा आवळला, कट्ट असा आवाज झाला, आणि त्याच क्षणी त्याला सासूच्या मचाणाचे पट्टे आठवले. हातातलं थर्मासचं झाकण खाली बर्फात पडलं.

हरणांच्या शिकारीचा पहिला शनिवार होता. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या त्या भागात या दिवशी कुणी लग्न ठरवत नाही, आणि ठरवलंच तर निम्मे पाहुणे येत नाहीत. माणसं अंधारातच आपापल्या झाडावर चढून बसतात आणि दहा वाजेपर्यंत कुणी खाली उतरत नाही. उतरून रानात हिंडलंच, तर हरणं उधळतात आणि शेजारी वर्षभर नाव ठेवतात.

अल्वीना, म्हणजे डेलची सासू, बहात्तर वर्षांची. तिचं शिडीचं मचाण अकरा वर्षं एकाच ओकला टेकून उभं होतं. पंधरा फुटांची लोखंडी शिडी, वर बसायची फळी, आणि सगळं झाडाला धरून ठेवणारे तीन पट्टे. दर जानेवारीत डेल म्हणायचा, "मा, काढून कोठारात ठेवू या की. उन्हाबर्फाने पट्टे कुजतात, खारी कुरतडतात." त्यावर म्हातारीचं उत्तर ठरलेलं. "तुझ्या कोठारात भंगार काय कमी आहे? राहू दे तिथेच." जोनीनेही, म्हणजे तिच्या लेकीने, समजावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी एक तडजोड झाली होती. वसंतात झाड फुगतं, पट्टा घट्ट असला तर तो सालीत रुततो आणि स्वतःही तुटतो. म्हणून एप्रिलमध्ये डेलने तिन्ही पट्टे सैल करायचे, सप्टेंबरमध्ये तपासून पुन्हा आवळायचे. एप्रिलचं काम त्याने यंदाही केलं. सप्टेंबरमध्ये बटाटे काढायची घाई होती. ऑक्टोबरात अल्वीनाचा फोन आला तेव्हा तो ट्रॅक्टरखाली पाठीवर पडलेला, कोपरापर्यंत तेलात.

"पट्टे आवळलेस ना रे?"

"हो हो, आवळले," तो म्हणाला. उद्या जाऊन आवळू, असं मनात होतं. उद्या दुसरंच काही निघालं. एवढं बारीक खोटं माणूस लक्षातही ठेवत नाही. तीच तर अशा खोट्याची खोड.

तिला फोन करून उपयोग नव्हता. तिचा फोन या दिवशी स्वयंपाकघरातल्या खणात असायचा. डेलने पट्टा सोडला, रायफल रिकामी करून खांद्याला लावली आणि शिडीवरून जवळजवळ घसरतच खाली आला. तिचं झाड पाऊण मैलावर. मध्ये ओढा, आणि ओढ्याकाठी शेजारच्या हर्लनचं मचाण.

तो पळत सुटला. फांद्या मोडत होत्या, बुटाखाली बर्फ करकरत होता. साऱ्या रानाला ऐकू जाईल असा गोंधळ.

"कुठं निघालास रे रेड्या?" हर्लन झाडावरून दबक्या आवाजात खेकसला. "वाजले किती? पोट बिघडलं का?"

"मा!" एवढंच डेलच्या तोंडून निघालं.

"काय झालं म्हातारीला?"

डेल थांबला नाही. ओढ्यात एक पाय गुडघ्यापर्यंत गेला, तेही त्याला कळलं नाही. तो मनातल्या मनात देवाशी घासाघीस करत होता. तिला वाचव, यापुढे तिच्या सगळ्या टोमण्यांना हसेन. तिला वाचव, दर रविवारी तिला चर्चला मी नेईन.

तेवढ्यात समोरून बार झाला. एकच, तिच्या बाजूने.

बंदुकीचा धक्का त्याला माहीत होता. सैल पट्ट्यांवर उभ्या मचाणाला तो धक्का बसला की शिडी एका बाजूला फिरणार, आणि बहात्तर वर्षांची हाडं पंधरा फुटांवरून गोठलेल्या जमिनीवर. त्याला रडू फुटलं. रडत रडतच तो टेकाड चढला.

मचाण तिरपं झुकलं होतं. वरची फळी रिकामी होती.

"मा! मा!"

तो शिडीपाशी धावला, शिडीला हात लावला, तशी ती कुरकुरली, बाजूला सरकली आणि वरचा पट्टा तटकन तुटला. शिडी फांद्या ओरबाडत अर्धी खाली आली आणि खोडाला अडकून राहिली. डेल मागे पडला. झाडाखाली कुणीच नव्हतं. बर्फावर पावलं नव्हती, रक्त नव्हतं.

"बोंबल अजून," मागून आवाज आला. "चार गावांतली हरणं उठव."

वीस पावलांवर एका ठेंगण्या पाइनखाली उलट्या बादलीवर अल्वीना बसली होती. बुडाखाली उशी, मांडीवर घोंगडी, घोंगडीवर रायफल. नारिंगी टोपी कपाळापर्यंत ओढलेली.

डेल रांगतच तिच्याकडे गेला. तिचे दोन्ही हात धरले, खांदे चाचपले, आणि मग तिथेच बर्फात बसून हसू लागला. हसता हसता नाक पुसत होता. इतकं हलकं त्याला पोरगी जन्मली त्या दिवसानंतर वाटलं नव्हतं.

"वेड लागलं का तुला? मी एक नर पाडलाय तिकडे, सहा टोकांच्या शिंगांचा. बघितलास तरी?"

"मा, मी पट्टे आवळलेच नव्हते. फोनवर थाप मारली मी. तुम्ही वर असता तर..."

अल्वीनाने झुकलेल्या शिडीकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता आपली खरडपट्टी निघणार. निघालीच पाहिजे, असंही वाटलं.

"मी चढतच नाही," ती म्हणाली.

"काय?"

"चार वर्षं झाली. डावा गुडघा चौथ्या पायरीवर बंद पडतो. पहिल्या वर्षी अर्ध्यावर अडकले होते, तासभर. त्यानंतर ही बादली."

"पण सगळ्यांना तर सांगता, वरून नेम धरला, वरून ओढ्यापर्यंत दिसतं..."

"मग काय सांगू? म्हातारी बादलीवर बसते म्हणून? हर्लन मला विणकामाच्या सुया आणून देईल." तिने घोंगडी सारखी केली. "मचाण उभं असलं की कुणी विचारत नाही. म्हणून तर काढू देत नव्हते तुला."

अकरा वर्षं तिचा हट्ट म्हणून जो तो डोकं आपटत होता, आणि त्यातल्या चार वर्षांत हट्टाखाली हे होतं.

"नाताळात नातवंडं येतील," ती हळूच म्हणाली. "एखादं चढलं असतं रे त्यावर. हे डोक्यातच आलं नाही माझ्या."

तिने टोपी कपाळावर आणखी खाली ओढली.

"काढू या आजच," डेल म्हणाला.

"काढ. आणि जोनीला सांग, पट्टे कुजले होते. तुझं मी बोलत नाही, माझं तू बोलू नकोस."

"ठरलं."

त्याने उरलेले दोन पट्टे सोडले, ती खाली शिडी धरून उभी राहिली आणि चुकीच्या वेळी चुकीच्या सूचना देत राहिली. तो प्रत्येक सूचनेला हसला. मग मचाण आणि नर दोन्ही गाडीत घालून ते घरी आले.

दुपारी जोनी बटाट्याचं सूप वाढत होती. खिडकीतून तिला कोठाराशी टेकवलेली शिडी दिसली.

"हे काय? अकरा वर्षं हात लावू दिला नाही, आणि आज पहिल्याच दिवशी काढलं? मग मा उद्या बसणार कुठे?"

डेलने तोंड उघडलं. पट्टे कुजले होते, एवढंच म्हणायचं होतं.

"जमिनीवर," अल्वीना म्हणाली. "चार वर्षं तिथेच बसतेय. गुडघा चढू देत नाही."

जोनीचा डाव पातेल्यावरच थांबला. डेलने सासूकडे पाहिलं. ती पावाला लोणी लावत होती.

"आणि मी पट्टे आवळलेच नव्हते," तो म्हणाला. "आवळले म्हणून सांगितलं होतं."

जोनीने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. हिशेब लागायला तिला थोडा वेळ लागला, आणि लागला तसा तिचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणजे हा थापाड्या," ती म्हणाली, "आणि तू याच्याहून मोठी थापाडी, म्हणून जिवंत आहेस?"

"तसंच म्हण. सूप वाढ, गार होतंय."

जोनीने डाव खाली ठेवला. ती आईच्या खुर्चीमागे गेली, तिच्या गळ्यात दोन्ही हात टाकले, आणि सूप गार झालं तरी सोडले नाहीत.